तांब्यावर काय कोरायचं, ते आधी ठरवा

प्रति,
सरकारी आणि सहकारी कामांसाठी ब्लॉकचेनचे आराखडे करणारे अभियंते व सल्लागार,
पुणे, मुंबई, नागपूर आणि जिथे असाल तिथे.



पत्राचं निमित्त एक स्टिकर आहे. मालेगाव तालुक्यात (आमचं वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिकचं नव्हे) आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं एक छोटं गोदाम आहे. त्याच्या शटरशेजारी तो अजून चिकटलेला आहे. चौकोनी क्यूआर आणि खाली इंग्रजीत एक ओळ, की इथला माल ब्लॉकचेनवर पडताळलेला आहे. मागच्या हंगामात आमचे एक वयस्क सभासद आपल्या तारण ठेवलेल्या सोयाबीनची पावती बघायला आले. नातवानं मोबाईल धरला. बराच वेळ चक्र फिरलं आणि कोरं पान आलं. "हे तं उघडूनच नाही रायलं भाऊ," म्हातारबा म्हणाले. मग जरा घाबरून, "माल तं हाये ना आतमंधी?"

माल होता. आमच्या जाड रजिस्टरात तारीख, कट्टे, वजन, ओलावा आणि अंगठा, सगळं होतं. ब्लॉकचेन तेवढी गेली होती.

मी काही वर्षं पुण्यात कोड लिहून गावी परतलेला माणूस आहे. तुमची भाषा मला कळते, म्हणून राग जरा जास्त येतो. आमच्याकडे आलेल्या कंपनीचं नाव घेत नाही. तिच्यासारख्या बऱ्याच आहेत. सादरीकरण झकास होतं. प्रत्येक कट्ट्याला ओळख क्रमांक, प्रत्येक हालचालीची नोंद, कधीही न पुसता येणारी. मी विचारलं, कोणत्या चेनवर? म्हणाले, आमची स्वतःची साईडचेन आहे, मेन चेन परवडत नाही. नोंदी तपासून शिक्कामोर्तब करणारे व्हॅलिडेटर किती? चार. चारही कोणाचे? जरा थांबून उत्तर आलं, सध्या आमच्याच क्लाऊड खात्यावर आहेत.

चार सह्या आणि पेन एकच. याला आमच्याकडे खाजगी वही म्हणतात. कंपनीनं क्लाऊडचं बिल भरणं थांबवलं आणि वही गेली.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगतो. इथेरियम किंवा बिटकॉइनसारख्या मुख्य साखळीवर, म्हणजे मेन चेनवर, थेट नोंद केली, की ती ऑन-चेन. हजारो अनोळखी संगणक तिची प्रत बाळगतात, म्हणून ती बदलणं जवळपास अशक्य, आणि म्हणूनच ती महाग. साईडचेन म्हणजे शेजारी टाकलेली दुसरी साखळी. तिचे नियम वेगळे, राखणदार थोडे, भाडं नगण्य. दोघींमध्ये ये-जा करायला पूल असतो. अशा साखळ्यांची कल्पना ॲडम बॅक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली बिटकॉइनसाठी मांडली.

आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावणं अवघड नाही, कारण आम्ही शकुंतला रेल्वे पाहिली आहे. मुंबई-नागपूरचा मोठा रेल्वेमार्ग मूर्तिजापूरहून जातो, आणि तिथून यवतमाळकडे जाणारा अडीच फुटी रूळ आमच्या कारंज्यावरून गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठी टाकलेला फाटा. रूळ ब्रिटिश कंपनीच्या मालकीचा, गाडी चालवायची रेल्वेनं. स्वस्त होता आणि आतल्या गावांपर्यंत पोचत होता. पण रुंदी वेगळी असल्यानं कारंज्याच्या गाठी मूर्तिजापूरला उतरवून मोठ्या गाडीत चढवाव्याच लागत. माल सांडायचा, भिजायचा किंवा हरवायचा तर तो तिथे, बदलीच्या फलाटावर. आणि फाटा बंद पडला तेव्हा मोठा मार्ग जसाच्या तसा चालू राहिला, फाट्यावरची स्टेशनं मात्र ओस पडली. साईडचेनबद्दल मला जे कळतं ते सगळं यात आलं.

बदलीच्या फलाटाचा धोका कागदी नाही. २३ मार्च २०२२ रोजी रोनिन नावाच्या साईडचेनच्या पुलावरून १,७३,६०० इथर (इथेरियमचं नाणं) आणि अडीच कोटींहून अधिक डॉलर-नाणी चोरीला गेली. मिळून साठ कोटी डॉलरहून जास्त. कुलपाला किल्ल्या नऊ होत्या, पाच लागल्या की दार उघडायचं. त्यातल्या चार एकाच कंपनीच्या ताब्यात, आणि पाचव्या सहीचा अधिकार आदल्या वर्षी तात्पुरता म्हणून तिलाच दिलेला, नंतर काढून घ्यायचा राहून गेलेला. बाजार समितीत सचिवाच्या सहीचा शिक्का सुट्टीपुरता शिपायाकडे द्यावा आणि परत मागायचं विसरावं, तसं. चोरांनी कंपनीत शिरून पाचही मिळवल्या. अमेरिकेच्या एफबीआयनं हे काम उत्तर कोरियाच्या टोळीचं असल्याचं म्हटलं. पण मला खटकतं ते पुढचं. सहा दिवस कोणाला पत्ताच नव्हता. एका ग्राहकाला आपले पाच हजार इथर काढता येईनात, तेव्हा गोदाम रिकामं असल्याचं कळलं. पावत्या बाहेर फिरत होत्या, आत माल नव्हता. असं गोदाम वाशीम जिल्ह्यात एक दिवस लपलं नसतं. हमालांनी संध्याकाळी चहाच्या टपरीवर सांगितलं असतं.

त्याच मार्चअखेरीस आपल्या राज्यात एक बातमी आली होती. गडचिरोलीच्या एटापल्ली उपविभागात ६५,००० जातप्रमाणपत्रं पॉलिगॉन या साखळीच्या आधाराने पडताळता येतील अशी करण्याचं काम हाती घेतलं गेलं. त्याआधी २०२१ मध्ये राज्याच्या कौशल्य विकास मंडळानं पदविका प्रमाणपत्रांसाठी थेट इथेरियम वापरलं होतं. एकाच राज्यात एका वर्षाच्या अंतरानं दोन वाटा. गडचिरोली आणि वाशीम दोन्ही नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहेत, त्यामुळे तिकडचा प्रयोग इकडे येणार हे आम्ही धरून चालतो. एटापल्लीसारख्या ठिकाणी बनावट जातप्रमाणपत्र म्हणजे खऱ्या आदिवासी मुलाची गेलेली जागा. तिथे कोणी हा उपद्व्याप केला याचं मला कौतुकच आहे.

पॉलिगॉनही चांगली, आपल्याच तरुणांनी उभी केलेली, पूर्वीची मॅटिक. ती ठरावीक अंतरानं आपला गोषवारा इथेरियमवर नोंदवते, म्हणजे आमच्या स्टिकरवाल्या वहीपेक्षा कितीतरी पुढे. पण फाटा तो फाटाच. त्याच मार्च २०२२ मध्ये एका सुधारणेनंतर ती अकरा तासांच्या आसपास ठप्प होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे १५७ ब्लॉक मागे घेऊन दुसरी मालिका ग्राह्य धरली गेली. या खोटेपणाच्या गोष्टी नव्हेत. फाट्यावर असं होतं आणि प्रवाशानं ते धरून चालावं, एवढंच. तुम्ही ते प्रवाशाला सांगत नाही, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार हिशोबाची आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. "मेन चेन परवडत नाही" हे वाक्य तुम्ही इतक्या सहज टाकता, की समोरचा अधिकारी पुढे विचारतच नाही. आपण मांडून बघू. इथेरियमवर एक साधा व्यवहार २१,००० गॅस (कामाचं एकक) खातो, वर एक नवी नोंद साठवायला साधारण वीसेक हजार, ४५,००० धरा. गॅसचा भाव ३० ग्वेई (ग्वेई म्हणजे इथरचा अब्जावा भाग) आणि एक इथर अडीच लाख रुपयांना धरला, तर एका नोंदीला सुमारे ३४० रुपये पडतात. ६५,००० प्रमाणपत्रं एकेक करून नोंदवली तर दोन कोटींच्या वर. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण एकेक नोंदवायला सांगितलं कोणी? प्रत्येक प्रमाणपत्राचा हॅश काढा, म्हणजे त्याचा डिजिटल ठसा. दोन-दोन ठसे जोडून त्यांचा एक ठसा करा. आलेल्या ठशांच्या पुन्हा जोड्या लावा. हे मर्कल झाड. तुम्ही पहिल्या आठवड्यात शिकता. दोनाचा सोळावा घात ६५,५३६ होतो, म्हणजे एटापल्लीची सगळी प्रमाणपत्रं सोळा पायऱ्यांत एका ठशावर येतात. बत्तीस बाइटचा तो एक ठसा मेन चेनवर टाकायचा. खर्च ३४० रुपये. दोन कोटी नव्हे, तीनशे चाळीस. रोज नवी प्रमाणपत्रं निघतात आणि काही रद्द होतात म्हणून दररोज एक ठसा टाकला, तरी या भावानं वर्षाला सव्वा लाखाच्या आत. एवढं तर तुमच्या सादरीकरणाच्या जेवणावळीत जातं.

यातली खरी गंमत पुढे आहे. प्रमाणपत्रधारकाला आपली नोंद सिद्ध करायला लागतात सोळा ठसे, म्हणजे ५१२ बाइट. ते क्यूआरमध्ये सहज मावतात. मग पडताळणीला तुमचा सर्व्हर लागत नाही. तुमची कंपनी बंद पडो, संकेतस्थळ विकलं जावो, माणूस आपला कागद आणि इथेरियमवरची ती एक नोंद यांच्या जोरावर उभा राहतो. आमच्या स्टिकरमध्ये हे नव्हतं. त्यात फक्त तुमच्या घराचा पत्ता होता, आणि तुम्ही घर बदललं.

हे तुम्हाला ठाऊक नाही असं मी मानत नाही. मग साईडचेनच का विकली जाते? माझा अंदाज सरळ आहे. वर्षाला सव्वा लाखाच्या कामावर देखभालीचा करार होत नाही. स्वतःची साखळी असली की तिचं भाडं, तिची दुरुस्ती, तिचा डॅशबोर्ड. काहींच्या बाबतीत हा अंदाज अन्यायाचा असेल. त्यांनी मला समजून घ्यावं.

वेगाचंही तसंच. मेन चेन मंद आहे म्हणता. इथेरियमवर दर बारा सेकंदांनी ब्लॉक येतो आणि तेरा-एक मिनिटांत तो पक्का होतो. आमच्या गोदामात ट्रॅक्टर आला की आधी काटा, मग मीटरवर ओलावा, मग शंभर कट्टे उतरवून थप्पी. थप्पी लागेपर्यंत तुमचे कितीतरी ब्लॉक येऊन जातात. सेकंदाला हजार व्यवहारांची घाई खेळांमध्ये असते, नाण्यांच्या बाजारात असते. तिथे साईडचेन खुशाल वापरा, तिथे ती शोभते. सोयाबीनला सेकंदाची घाई नसते, भावाची असते.

मेन चेनवर काय न्यायचं, याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीच्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी दिलेल्या दानाचा ताम्रपट इथे सापडला. गाव कोणाला दिलं, हे तांब्यावर कोरलंय. त्या राजाकडे रोजचे हिशोबही असणार, किती धान्य आलं, किती गेलं, कोणी किती सारा भरला. ते कशावर लिहीत होते देव जाणे. तांब्यावर मात्र नाही. तांबं महाग म्हणून त्यांनी पत्र्याचा फाटा काढला नाही. तांब्यावर काय कोरायचं ते आधी ठरवलं. हा निर्णय तुमच्या आराखड्यात मला दिसत नाही. तुम्ही आधी साखळी निवडता आणि मग जे दिसेल ते तिच्यावर चढवता. कट्टा इकडून तिकडे सरकला तरी नोंद!

त्याच ताम्रपटात आणखी एक गोष्ट आहे. राजाच्या वंशाचं वर्णन संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. म्हणजे मोठेपणा दरबारी भाषेत, आणि ज्याच्याशी लोकांचा संबंध आहे तो मजकूर लोकांना कळेल अशा भाषेत. तुमच्या पडताळणीच्या पानावर सगळंच इंग्रजी. 'ट्रान्झॅक्शन हॅश' आणि पुढे चौसष्ट अक्षरं. म्हातारबांना पाहिजे होतं एवढंच: तुमचे अमुक कट्टे, अमुक तारखेपासून, अमुक गोदामात आहेत, त्यावर अमुक कर्ज आहे.

कर्जावरून आठवलं. गोदाम पावतीला ब्लॉकचेन कशाला, तर एकच पावती दोन बँकांत तारण ठेवली जाऊ नये म्हणून. कारण खरं आहे. बाजार समित्यांमार्फत चालणाऱ्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं १८० दिवसांसाठी मिळते. सोयाबीन काढणीच्या पडत्या भावात विकायची वेळ येत नाही. ही सोय टिकायची तर पावतीवर बँकेचा विश्वास हवा. पण वखार नियामक प्राधिकरणाची इलेक्ट्रॉनिक पावती साध्या केंद्रीय नोंदवहीवर चालते आणि दुहेरी तारण तिथेही अडतं. जिथे नोंद ठेवणाऱ्यावर सगळ्यांचा भरवसा आहे, तिथे साखळी लागत नाही, मेनही नाही आणि साईडही नाही. हे स्पष्ट सांगणारा एकही सल्लागार आमच्याकडे अजून आलेला नाही. भरवसा नसेल तर बँक, वखार महामंडळ, बाजार समिती आणि शेतकरी कंपनी, प्रत्येकानं आपापल्या जागेत आपापला नोड, म्हणजे साखळीची प्रत राखणारा संगणक, चालवावा. चार नोड चार मालकांचे असतील, तर त्या साईडचेनपुढे मी हात जोडीन. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये आणलेली 'विश्वस्य' ही ब्लॉकचेन यंत्रणा भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या डेटा सेंटरांत आहे. ठिकाणं तीन, पण तिन्ही सरकारच्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची (एनआयसी). सरकारी कामापुरतं ते चालेल. फक्त त्याला 'कोणावरही विश्वास ठेवायची गरज नाही' असं म्हणू नका.

आणि काट्यावर वजन चुकीचं घेतलं, १४ टक्के ओलावा १२ लिहिला, तर ती चूक कोणत्याही साखळीवर तितक्याच अमरपणे राहील. मागे एकदा आमच्याच मीटरची बॅटरी उतरली होती, दिवसभर सगळा माल कोरडा निघत होता. संध्याकाळी रजिस्टरात लाल शाईनं दुरुस्त्या केल्या, शेजारी सह्या घेतल्या. दुरुस्तीची ही जागा तुमच्या आराखड्यात कुठे असते, ते दाखवा.

माणसांच्या माहितीबाबत तर हा प्रश्न कायद्याचा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं नागरिकाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. न पुसणाऱ्या साखळीवर नाव, जात, आधारचे आकडे टाकून तुम्ही तो हक्क कसा पाळणार? ठसाच टाकतो म्हणाल, तर नाव, गाव आणि जात यांचा नुसता ठसा अंदाजानं ओळखता येतो. गावात माणसं किती असतात? एकेक नाव लावून पाहायला लॅपटॉपला एक क्षण पुरतो. ठशात प्रत्येकासाठी वेगळा गुप्त आकडा मिसळायचा, ही प्राथमिक काळजी आहे. आमच्याकडच्या त्या प्रस्तावात ती नव्हती. मी विचारलं तेव्हा वहीत टिपून घेतलं गेलं.

शेवटी साखळीच्या मरणाबद्दल. पॉलिगॉनच्या चाचणी साखळीचं नाव 'मुंबई' होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती बंद झाली. चाचणीचीच होती, बंद व्हायचीच होती, कोणाचा दोष नाही. पण आमच्या भागातल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलानं मला आपला प्रकल्प अहवाल दाखवला. सोनेरी अक्षरांची बांधणी, आणि आत छापलेला 'मुंबई'वरच्या नोंदीचा दुवा. मुलगा अजून सांगतो की त्याचं काम ब्लॉकचेनवर कायमचं आहे. त्याला कोणी सांगितलंच नाही. प्रमाणपत्रं, पावत्या, फेरफार यांचं असं झालं तर अहवालावर भागणार नाही. साखळी बंद पडली तर नोंदी कुठे जाणार, कोण नेणार, किती दिवसांत आणि कोणाच्या पैशानं, हे करारात लिहून द्या. शकुंतलेच्या स्टेशनांसारखं आम्हाला ताटकळत ठेवू नका.

तेव्हा पुढच्या वेळी वाशीमला याल तेव्हा सादरीकरणाचं पहिलं पान मराठीत असू द्या आणि त्यावर एवढंच लिहा: नोंद कोणत्या साखळीवर जाणार, शिक्कामोर्तब करणारे किती आणि कोणाचे, रोज मेन चेनवर काय टाकणार, आणि तुम्ही उद्या नसलात तर म्हातारबांची पावती कशी उघडणार. शेवटचं उत्तर देताना मोबाईलचं इंटरनेट चालू ठेवा, तुमचा सर्व्हर बंद करा आणि करून दाखवा. मग बाकीची पानं बघू. चहा आमच्याकडून. आणि येताना तो स्टिकर काढायला काहीतरी घेऊन या. फार घट्ट चिकटवलाय.



आपला,
शेतकरी कंपनीचा हिशोब आणि गोदामाची किल्ली सांभाळणारा एक जुना प्रोग्रामर,
मालेगाव, जि. वाशीम